शाळेला बक्षीस मिळतं ते कशाचं?

परतवाडा आणि अचलपूर ही जुळी शहरं, आणि दोन्हींची नगर परिषद एकच. तिच्या एखाद्या शाळेला सरकारी अभियानात लाखाचं बक्षीस मिळालं, तर गावाला अभिमान वाटणारच. पण त्या बक्षिसासाठीचे गुण पडतात कसे, हेही पालकांना माहीत असायला हवं.

2024 मध्ये गाजलेलं अभियान म्हणजे ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’. त्याचा पहिला टप्पा त्या वर्षीच्या जानेवारीत सुरू झाला, दुसरा ऑगस्टमध्ये. सरकारी आणि खासगी शाळांची स्पर्धा वेगवेगळी होती. तालुक्यात पहिली आलेली शाळा जिल्ह्याला जाई, तिथून विभागाला आणि मग राज्याला. पहिलं बक्षीस तालुक्यात 3 लाख, जिल्ह्यात 11 लाख, विभागात 21 लाख आणि राज्यात 51 लाख रुपयांचं होतं.

दुसऱ्या टप्प्यात एकूण गुण होते 150. त्यांतले 33 पायाभूत सुविधांचे. सर्वाधिक 74 सरकारच्या धोरणांच्या आणि उपक्रमांच्या अंमलबजावणीचे. शैक्षणिक संपादणुकीचे, म्हणजे मुलं प्रत्यक्षात काय शिकली याचे, 43. म्हणजे शिकण्याचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी. स्वच्छ, देखणी शाळा मुलांना हवीच. पण रंगवलेली भिंत लगेच दिसते, वाचता न येणारं मूल मात्र शोधावं लागतं.

शिकण्याला महत्त्व देऊनही बक्षीस देता येतं. अमेरिकेत शहरी सरकारी शाळांसाठी 2002 पासून ‘ब्रॉड पारितोषिक’ दिलं जाई. ते एका शाळेला नव्हे, तर शहराच्या अख्ख्या शाळा-व्यवस्थेला मिळे. त्यासाठी अर्ज करता येत नसे. त्याच राज्यातल्या, तितक्याच गरीब वस्तीच्या शाळांच्या तुलनेत त्या शहरातली मुलं किती पुढे गेली आणि गरीब-श्रीमंत मुलांमधलं अंतर किती घटलं, हे पाहिलं जाई. बक्षिसाची रक्कम मुलांच्या पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांना जाई. 2006 साली बॉस्टनला, 2007 साली न्यूयॉर्कला हा मान मिळाला. पुढे शहरांची प्रगती पुरेशी वाटेना, म्हणून 2015 मध्ये देणाऱ्यांनीच पारितोषिक थांबवलं.

यातला कळीचा मुद्दा आहे सुधारणा मोजण्याचा. समजा, एका शाळेत चौथीची 100 पैकी 85 मुलं जूनमध्ये गोष्ट वाचत होती आणि मार्चमध्येही 85 च. दुसऱ्या शाळेत जूनमध्ये 40 वाचत होती, मार्चमध्ये 65. नुसता शेवटचा आकडा पाहिला तर पहिली जिंकते. वर्षभराचं काम पाहिलं, तर मान दुसरीचा. घरी वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणारी मुलं ज्या वर्गात जास्त, तिथल्या गुरुजींचे कष्ट याच हिशेबात दिसतात.

ही मोजणी अवघडही नाही. मुलाला एकट्याला जवळ बसवायचं. आधी परिच्छेद द्यायचा. जमला तर दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट, अडखळलं तर सुटे शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. मूल जिथं सहज वाचतं ती त्याची पातळी. पाच मिनिटांचं काम. जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा करायचं.

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत बक्षिसाबरोबर एवढं जरूर विचारा: जूनमध्ये किती मुलं वाचत होती आणि आता किती वाचतात?