तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंतचं झाड

नालासोपारा पूर्वेच्या चाळींमधून एप्रिलच्या दुपारी निघून, रूळ ओलांडून निर्मळ-भुईगावच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात अंगाला लागणारी हवा बदलते. पूर्वेला पत्र्याची छपरं, खेटून उभ्या इमारती आणि दिवसभर तापलेलं काँक्रीट. पश्चिमेला केळी, नारळ, आंबा, चिंच आणि वाडीतून खेळणारं पाणी. तालुका एक, समुद्र एक, पाऊसही एकच. तरी एका बाजूच्या माणसाला रात्री पंख्याखाली झोप लागत नाही आणि दुसऱ्या बाजूचा माणूस दुपारी झाडाखाली खाट टाकतो. हा फरक माणसांनी घडवला आहे. तो मिटवायचा तर तेही माणसांनाच, एकत्र येऊन करावं लागेल.

वसईकरांना अशा एकजुटीचा अनुभव आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस इथल्या हरित पट्ट्यावर बांधकामाचं सावट आलं आणि वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या दिब्रिटो यांनी पाणी, झाड आणि जमीन हा एकच प्रश्न म्हणून लोकांपुढे ठेवला. सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, ख्रिस्ती, हिंदू असे सारे त्यात आले. नागरीकरण मात्र थांबलं नाही. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती.

तेव्हाची लढाई जे होतं ते राखण्याची होती. आता जिथे काहीच उरलं नाही, तिथे सावली नव्याने उभी करायची आहे.

दमट हवेचं गणित

झाड दोन प्रकारे गारवा देतं. ऊन अडवून जमीन, भिंत आणि माणूस तापू देत नाही, हा पहिला. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफेच्या रूपाने सोडतं, हा दुसरा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. वाळवंटी शहरात हवा कोरडी असल्याने या दुसऱ्या मार्गाने चांगला गारवा मिळतो, पण तिथे झाडाला द्यायला पुरेसं पाणी नसतं. किनाऱ्यावर पाऊस भरपूर, मात्र हवा आधीच ओलसर असल्याने वाफ सावकाश होते, घामही वाळत नाही. म्हणून वसई-विरारला खरी गरज आहे ती दाट छायेची आणि वारा न अडवणाऱ्या उंच खोडाची. दुभाजकातल्या शोभेच्या झुडपांनी शहर हिरवं दिसतं, पण रिक्षाच्या रांगेत उभ्या बाईच्या डोक्यावरचं ऊन त्यांनी हटत नाही. कमी जागेत दाटीने रोपं लावणाऱ्या मियावाकी पद्धतीचंही तेच. पक्ष्यांना आसरा मिळतो, पण रस्त्याने चालणाऱ्याला सावली मिळत नाही.

झाडं निवडतानाही किनारा लक्षात घ्यायला हवा. मोकळ्या मैदानाला वड, पिंपळ, चिंच. रस्त्याकडेला करंज, बकुळ, ताम्हण. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला उंडी आणि भेंड. मे 2021 मधल्या तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर ठिकठिकाणी झाडं आडवी केली. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेल्या झाडाची मुळं पसरत नाहीत, खोलही जात नाहीत. असं झाड वाऱ्यापुढे टिकणार कसं? राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी प्रत्येक झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्या गल्लीत तो मीटर कोणी मोजायचा, हे आपणच ठरवायचं आहे.

टूसॉनचा खड्डा, वसईचं बावखल

जागेइतकंच झाडाला पाणीही लागतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात टूसॉन हे शहर आहे. वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस. तिथल्या डनबार-स्प्रिंग वस्तीत ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी 1990 च्या दशकात रस्त्याकडेची उंच कड कापून पावसाचं वाहतं पाणी झाडांच्या खोलगट आळ्यांत वळवलं. तेव्हा ते नियमबाह्य होतं. पुढे 2007 मध्ये नगर प्रशासनानेच त्याला मान्यता दिली. त्या आळ्यांत वाढलं ते तिथलंच मेस्किट, आपल्या शमीचा नातलग. 2020 मध्ये टूसॉनने दहा लाख झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा मुरवलेल्या पाण्यावर वाढलेल्या झाडांचा हा अनुभव शहराच्या गाठीशी होता.

वसईत त्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि पाणी मुरवण्याची आपली पद्धत टूसॉनच्या या प्रयोगाहून जुनी आहे. वाडीत खणलेलं बावखल म्हणजे उघडं तळं. खणताना निघालेली माती वाडीत पसरून जमीन उंच व्हायची. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरायचं. ते पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरून विहिरी गोड ठेवायचं आणि समुद्राकडून येणारं खारं पाणी मागे रेटायचं. उन्हाळ्यात रहाटाने उपसलेलं पाणी पाटातून केळीच्या आणि पानवेलीच्या आळ्यांपर्यंत जायचं. वाडीचा गारवा असा पाण्याच्या सोयीवर उभा होता. अनेक बावखलं बुजवून त्यांवर घरं झाली आणि पाऊस मुरायच्या जागा कमी झाल्या. जुलै 2018 मध्ये वसई दिवसच्या दिवस पाण्याखाली होती. पाणी तुंबणारं आणि उन्हात तापणारं शहर एकच आहे, कारण दोन्हींचं मूळ झाकलेल्या जमिनीत आहे.

म्हणून वृक्षारोपणाची सुरुवात रोपवाटिकेतून नव्हे, पाण्यापासून व्हावी. गच्चीवरचं पावसाचं पाणी थेट गटारात न सोडता आळ्यात सोडावं. उरलेली बावखलं गाळ काढून जिवंत ठेवावीत.

नाव कोणाचं?

राज्य सरकारने 2016 मध्ये 2 कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि 2019 मध्ये 33 कोटींचं लक्ष्य ठेवलं. आकड्यांमुळे उत्साह येतो. पण रोप जगतं ते जूनमधल्या सोहळ्यानंतर. भरावाच्या जमिनीत त्याचं काय होतं ते पाहा. कुदळ दोन वीत जाते आणि डेब्रिजवर आपटते. मग विटांचे तुकडे, प्लास्टिक, मुरूम बाहेर काढून मीटरभर खोल खड्डा करावा लागतो, लाल माती आणि शेणखत भरावं लागतं. रोपाला बांबूचा टेकू, आळ्यावर पाचोळ्याचं आच्छादन. एवढं करूनही ऑक्टोबरनंतर पाणी नसेल, तर फेब्रुवारीत शेंडा वाळतो. पहिले दोन उन्हाळे पाणी देत राहिलं, तर तिसऱ्या उन्हाळ्यात झाड बहुधा स्वतःच्या मुळांवर उभं असतं.

इथेच समन्वयाचं काम येतं. जागा महापालिकेची, वरची तार महावितरणची, खालची वाहिनी आणखी कोणाची, पाणी सोसायटीचं आणि उत्साह शाळेतल्या मुलांचा. हे सगळे एका नकाशाभोवती बसले नाहीत, तर जून महिन्यात लावलेलं रोप पुढच्या खोदकामात जातं. वॉर्डावॉर्डात साधी वही हवी: झाड कोणतं, जागा कोणती, पाणी कुठून, जबाबदारी कोणाची. चाळ समिती, बचत गट, गावकी, चर्च, मंदिराचे विश्वस्त, गणेशोत्सव मंडळं, सगळ्यांनी आपापली गल्ली उचलावी. कायद्याचाही आधार आहे. 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. ती झाडं कुठे लावली, किती जगली, हे विचारायचा हक्क प्रत्येक रहिवाशाला आहे.

पहिली झाडं कुठे लावायची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जिथे बंगल्याभोवती बाग आहे तिथे नव्हे. स्थानकाबाहेरचा रिक्षातळ, गोखिवरे-वालीवच्या कारखान्यांकडे पायी जाणाऱ्या कामगारांचा रस्ता, महापालिकेच्या दवाखान्याची रांग, पत्र्याच्या चाळीपुढची मोकळी पट्टी. ज्यांना एसी परवडत नाही, त्यांच्या वाट्याला आधी सावली यावी. हरित वसईने एका पिढीला पाण्यासाठी रस्त्यावर उतरायला शिकवलं. या पिढीने त्याच निष्ठेने रोज एक बादली घेऊन खाली उतरायला हवं, आणि पुढच्या वृक्षारोपणाच्या मंचावर रोपांची संख्या जाहीर होण्याआधी मे महिन्यात पाणी घालणाऱ्यांची यादी मागायला हवी.