फिरती सॉ मिल, लेखांक ५ : घरच्या सुधारणा आणि हातापायांची जागा

मागच्या आठवड्यात आपण पट्ट्याचे दाते कसे फाकवलेले असतात आणि त्यांना धार कधी लावायची ते पाहिलं. आजचा विषय माझ्या विशेष आवडीचा आहे. सॉ मिल विकत आणल्यावर मालक तिच्यात स्वतःच्या हातानं काय काय बदल करतात, त्यातले कोणते करण्याजोगे आहेत आणि कोणत्यांच्या वाटेला जाऊ नये, हे आज पाहू.

आज पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. जमिनीवर दोन लोखंडी रूळ असतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांवर ओंडका ठेवलेला असतो. रुळांवरून एक हेड सरकतं. त्या हेडमध्ये इंजिन, दोन चाकं आणि चाकांवर ताणून बसवलेला साधारण सव्वा इंच रुंदीचा पोलादी पट्टा असतो. आपल्याकडच्या आरागिरणीत ओंडका करवतीकडे ढकलतात. इथे ओंडका जागेवर राहतो आणि करवत त्याच्यावरून चालत जाते. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या वूड-मायझर कंपनीनं १९८२ पासून ही पातळ पट्ट्याची यंत्रं शेतकऱ्यांच्या अंगणापर्यंत नेली. पट्टा पातळ असल्यानं एका कापात जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, मोठ्या गोल करवतीत तोच सहा मिलिमीटरच्या वर जातो. मात्र हा पट्टा महामार्गावरच्या गाडीच्या वेगानं, म्हणजे ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरनं पळत असतो.

अमेरिका आणि कॅनडात या यंत्रांचे हजारो मालक आहेत. त्यातले बरेच शेतकरी, निवृत्त कारागीर किंवा सुट्टीच्या दिवशी चार फळ्या पाडणारे. कारखान्यातून येतं ते कामापुरतं यंत्र, किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी बरंच काही वगळलेलं. मग मालक हातात वेल्डिंगचा होल्डर घेतो. यात मला काहीच वावगं वाटत नाही. माझी कसोटी एवढीच आहे, की बदल केल्यावर माणसाचे हातपाय पट्ट्यापासून आणि ओंडक्याच्या वाटेतून लांब जातात की जवळ येतात? लांब जात असतील तर बदल चांगला. जवळ येत असतील तर काम कितीही झटपट होवो, तो बदल नको.

सुरुवात ओंडका चढवण्यापासून करतो, कारण सगळं लक्ष पट्ट्याकडे असतं आणि माणूस जायबंदी होतो तो ओंडक्याखाली सापडून. हिशोब मांडून बघा. साठ सेंटिमीटर व्यासाचा, आठ फूट लांबीचा ओला रेड ओक घेतला, तर त्याचं वजन पावणेसातशे किलोच्या आसपास भरतं. असा ओंडका दोघांनी पहारी लावून रुळांवर चढवायचा म्हणजे एकाचा पाय घसरला की दुसऱ्याच्या नडगीवर पावणेसातशे किलो.

यावर तिथल्या लाकूडतोड्यांची जुनी युक्ती आहे, आणि घरच्या सुधारणांत ती मी पहिल्या नंबरवर ठेवीन. मिलच्या एका बाजूला दोन मजबूत रॅम्प टेकवायचे. दुसऱ्या बाजूला चौकटीवर खांब उभा करून त्यावर हातविंच बसवायचा. विंचचा वायररोप मिलवरून ओंडक्यापर्यंत आणायचा, ओंडक्याच्या वरून पलीकडे उतरवायचा, खालून परत मिलकडे घ्यायचा आणि त्याचं टोक रॅम्पच्या बाजूच्या चौकटीला अडकवायचं. आता विंच फिरवला की ओंडका रोपच्या विळख्यात गडगडत वर येतो. ओंडका स्वतःच सरकत्या कप्पीचं काम करत असल्यानं लागणारी ओढ निम्मी होते. रॅम्प आठ फूट लांब आणि चढ दोन फुटांचा असेल तर पावणेसातशे किलोच्या ओंडक्यासाठी घर्षण सोडून पंच्याऐंशी किलोच्या आसपास ओढ पुरते. विंच हाताचा असला तरी एकटा माणूस हे काम शांतपणे करू शकतो, आणि तेही ओंडक्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहून. हाताची जागा बदलली म्हणतो ती ही.

पण हे बनवताना चार गोष्टी सोडून चालणार नाहीत. रॅम्पच्या वरच्या टोकाला चौकटीत घट्ट बसणारे आकडे हवेत, नाहीतर ओंडका अर्ध्यावर आला की रॅम्प मागे सरकतो. रॅम्पवर दर फूट-दीड फुटावर खिट्ट्या हव्यात. ओंडका वर जाताना त्या दबतात आणि तो पुढे गेला की त्याच्या मागे उभ्या राहतात. मग रोप तुटला तरी ओंडका खाली येत नाही. मिलच्या चौकटीखाली दोन्ही अंगांना भक्कम टेकू हवेत, कारण एवढं वजन एका कडेवर आलं की अख्खी मिल कलंडू शकते. आणि ओंडका हलण्यापूर्वी ओंडका अडवणारे पलीकडचे उभे टेके वर केलेले हवेत. ते खाली राहिले तर ओंडका मिलवर थांबतच नाही, सरळ पलीकडे उतरतो, जिथे विंच फिरवणारा माणूस उभा आहे. रोप ताणलेला असताना त्याच्या रेषेत आणि ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. मुलांना तर मुळीच राहू द्यायचं नाही.

हेच टेके पुढे उलट बाजूनं घात करतात. ओंडका चढवताना ते वर हवेत, आणि काप खाली खाली येऊ लागले की तेच पट्ट्याच्या वाटेत येतात. फळीमागून फळी निघत असते, हात लयीत असतो, आणि शेवटच्या दोन फळ्यांवर पट्टा लोखंडी टेक्यात शिरतो. दाते जातात, कधी पट्टाच तुटतो. जवळजवळ प्रत्येक मालकाच्या टेक्यांवर अशी एखादी खाच दिसते. उपाय अगदी साधा आहे. उंची दाखवणाऱ्या मोजपट्टीवर, टेके आणि ओंडका आवळून धरणारे क्लॅम्प जिथे आडवे येऊ शकतात त्या उंचीपासून खालचा भाग लाल रंगवायचा. काटा लाल भागात आला की इंजिन बंद करून टेके आणि क्लॅम्प हातानं तपासायचे. टेक्यांची डोकीही पिवळीजर्द रंगवावीत. भुश्यात अर्धं बुडालेलं काळं लोखंड डोळ्याला दिसत नाही.

आता पाण्याकडे येतो. पाईनसारखं चिकाचं लाकूड कापताना राळ पट्ट्यावर थराथरानं साचते. पट्टा तापतो, चाकांवर उड्या मारतो आणि फळीवर लाटा उठतात. म्हणून हेडवर पाण्याची टाकी आणि तोटी असते, पट्ट्यावर थेंब थेंब पाणी पडतं, त्यात थोडा भांडी घासायचा साबण घातला की राळ सुटते. कापणं थांबवताना ही तोटी बंद करायला माणूस विसरतो, आणि सुरू करताना उघडायला त्याहून जास्त विसरतो. बरेच जण क्लचच्या दांड्याला केबल जोडून तोटी त्याच्याबरोबर उघडेल-मिटेल असं करतात. कोणी गाडीच्या बॅटरीवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात. ही सुधारणा स्वस्तातली आहे, आणि चालत्या पट्ट्याशेजारी तोटी चाचपणारा हात तिथून कायमचा निघून जातो. कडाक्याच्या थंडीत तिथे साध्या पाण्याऐवजी गाडीच्या काचा धुण्याचं न गोठणारं पाणी घालतात.

पाण्याऐवजी डिझेल ठिबकवणारेही आहेत. राळ त्यानं झटकन सुटते, हे खरं. पण डिझेलनं पट्ट्याच्या चाकांवरचा रबर फुगतो, फळ्यांना वास राहतो, आणि सगळीकडे डिझेलनं भिजलेला भुसा साचतो, तोही तापलेल्या सायलेन्सरपासून हातभर अंतरावर. मी डिझेलच्या पूर्ण विरोधात आहे.

जे बदल अजिबात करू नयेत, त्यांत एकाचं नाव ठळक घेतो. हातानं ढकलायच्या मिलवर एक दांडा असतो. तो दाबून धरला तरच पट्टा फिरतो, सोडला की इंजिन मंदावतं आणि पट्टा थांबतो. दिवसभर दाबून धरून मनगट भरून येतं, म्हणून काही जण तो दांडा रबरी दोरीनं बांधून टाकतात. असं कधीही करू नका. तुमचा पाय घसरला, चक्कर आली, ओंडका उसळला, तर त्या क्षणी यंत्र थांबवणारी तेवढी एकच गोष्ट आहे. मनगट दुखतंय तर त्यावर इलाज करा. दांडा लांब करा, मूठ जाड फोमची करा, केबलला तेल द्या, हेड ढकलण्याऐवजी फिरकी आणि दोरीनं पुढे नेण्याची सोय करा. या सगळ्या सोयी घरी बनतात आणि दांडा मोकळा राहतो.

भुसा अडकतो म्हणून चाकांवरची झाकणं काढून टाकणं हीदेखील त्याच जातीची चूक. त्यापेक्षा भुश्याचं तोंड मोठं करा, त्याला पुढे पत्र्याची घसरण लावा. जास्त ताकदीचं इंजिन बसवायचा मोहही आवरावा. पट्टा, चाकं आणि झाकणं एका ठरावीक वेगासाठी बनवलेली असतात. चाकाचे फेरे वाढवले की पट्टा लवकर थकतो आणि तुटताना अधिक जोरात तुटतो. वेल्डिंग करणाऱ्यांसाठी दोन शब्द: रुळांवर थेट टाके मारू नका, उष्णतेनं रूळ वाकतात आणि मग फळीची जाडी कधीच सारखी येत नाही. आधी बॅटरी सोडवा. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि आठवड्याभरात बेअरिंग ओरडायला लागतं.

पट्टा हाताळणं हे मला शब्दांपेक्षा हातानं दाखवायला आवडलं असतं. नवा पट्टा तीन वळशांत गुंडाळलेला येतो. बांधलेली तार कापली की चार मीटर धारदार पोलाद एका झटक्यात उलगडतं. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पायात जाड बूट आणि आजूबाजूला मोकळी जागा असल्याशिवाय ती तार कापायची नाही. दोन्ही हात लांब करून पट्टा अंगापासून दूर धरायचा, मग अंगापासून लांब, गवतावर सोडून द्यायचा. निसटू लागला तर पकडायला जायचं नाही. पट्टा परत मिळतो.

चालू असताना पट्टा तुटतो, आणि तो कधी ना कधी तुटतोच, तेव्हा बहुतेक वेळा तो झाकणांच्या आतच राहतो. पण तुकडे बाहेर पडलेच तर भुश्याच्या तोंडातून, पट्ट्याच्या रेषेत पडतात. म्हणून त्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांना कापणाऱ्याच्या मागे उभं करायचं. फळ्या उचलणाऱ्यानं पट्टा पूर्ण थांबल्यावरच पुढे यायचं.

पट्टा तुटण्याचं आणि दाते जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे झाडात लपलेला खिळा. जंगलातल्या झाडापेक्षा अंगणातलं आणि कुंपणातलं झाड जास्त धोक्याचं, कारण कोणीतरी वीस वर्षांपूर्वी पाटी ठोकलेली असते, काटेरी तार गुंडाळलेली असते, आणि झाडानं ती गिळलेली असते. ओकमध्ये एक खूण सापडते. लोखंडाचा आणि त्या लाकडातल्या टॅनिनचा संयोग होऊन निळसर-काळा डाग पसरतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला की आत लोखंड आहे असं धरून चालायचं आणि हातातला मेटल डिटेक्टर फिरवायचा. साल काढून फिरवला तर आणखी चांगलं, कारण सालीत अडकलेली वाळू आणि खडेही त्याच वेळी जातात. पट्ट्याच्या पुढे छोटी चकती लावून कापाच्या रेषेवरची साल खरवडण्याची सोयही काही जण घरी करतात. चिखलातून ओढत आणलेल्या ओंडक्यांसाठी ती फार उपयोगी आहे.

हे वाचताना कोकणातल्या बागायतदारांच्या मनात काय येत असेल ते मला कळतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगड आणि रत्नागिरीत आंबे, फणस आडवे पाडले. वाडीत पडलेल्या जुन्या फणसाच्या फळ्या दारातच पाडता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं! पण आपल्याकडे हे यंत्र आणून चालू करणं इतकं सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून देशभर आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आहे, आणि वनखात्याच्या परवान्याशिवाय आरागिरणी चालवता येत नाही. यंत्र चाकांवर आहे म्हणून त्यातून सुटका मिळेल असं समजू नये. शिवाय आंबा, फणस, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या सूचीत आहेत. म्हणून यंत्राची चौकशी करण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन यावं.

धूळ आणि आवाज यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण त्यांचा त्रास त्या दिवशी दिसत नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच पहिल्या गटात नोंदवलं आहे. भुश्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेनं ठेवा, म्हणजे धूळ तुमच्यापासून लांब जाईल, आणि नीट बसणारा मास्क लावा. आवाजाचं गणित असं, की पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतील असं धरलं तर पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. पंच्याण्णवच्या आसपास चालणाऱ्या इंजिनाजवळ पाऊण-एक तासात दिवसाचा कोटा संपतो. कानावर मफ लावल्याशिवाय चावी फिरवू नका.

संध्याकाळी काम संपलं की पट्ट्याचा ताण सैल करायचा. ताणलेलाच ठेवला तर चाकांवरच्या रबरात खोबण पडते आणि दुसऱ्या दिवशी पट्टा थरथरतो. ताण सैल केल्याची चिठ्ठी स्टार्टरच्या चावीला बांधायची, म्हणजे सकाळी घाईत कोणी सैल पट्ट्यावरच इंजिन चालू करणार नाही. सायलेन्सरभोवतीचा भुसा झाडायचा, चावी काढून खिशात ठेवायची.

पुढच्या आठवड्यात पाडलेल्या फळ्यांकडे वळू. त्यांची थप्पी कशी लावायची, मधल्या काठ्या किती अंतरावर ठेवायच्या, आणि इंचाला वर्ष हा सुकवण्याचा जुना हिशोब कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, ते पाहू.