निवृत्तीनंतर परदेशी राहणे आणि मुक्कामाच्या परवान्याचे नूतनीकरण

आपल्या घराण्यांतील पुष्कळांचे पूर्वज गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने घाटावरून आणि कोकणातून बडोद्यास आले व येथलेच झाले. ‘येथे किती दिवस राहणार?’ असे त्यांस कोणी विचारले नाही. आज आपल्याच घरांतील काही वडील मंडळी निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहू लागली आहेत. त्यांना मात्र हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. म्हणून या स्मरणिकेत त्याविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात असे आम्हांस वाटले. प्रत्येक देशाचे नियम निराळे असल्याने आम्ही येथे थायलंड हा एकच देश घेतला आहे. तेथील पद्धत नीट समजली, म्हणजे अन्य देशी जाणाऱ्यांनाही काय चौकशी करावी हे कळेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हिसा, मुक्कामाची परवानगी आणि पुनःप्रवेशाचा परवाना या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा दाराशी नेतो. आत किती दिवस राहावयाचे ते परवानगीच्या शिक्क्यावरील तारीख सांगते. बाहेर जाऊन परत यावयाचे असेल, तर तिसरा कागद लागतो. नूतनीकरण होते ते दुसऱ्या गोष्टीचे. वयाची ५० वर्षे पुरी केलेल्या निवृत्त माणसास ही मुदत एकेका वर्षाने वाढवून मिळते.

अर्ज थायलंडमध्ये राहूनच, आपण राहतो त्या भागाच्या इमिग्रेशन कचेरीत स्वतः जाऊन करावा लागतो. येथे बडोद्यास बसून तो करता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी ३० दिवसांच्या आत अर्ज घेतात. नवे वर्ष जुन्या मुदतीच्या तारखेपासूनच मोजले जात असल्यामुळे लवकर अर्ज केल्याने एकही दिवस बुडत नाही. टी.एम. ७ हा अर्ज, छायाचित्र, पासपोर्ट व त्याच्या नकला, राहत्या जागेचा पुरावा, बँकेचे पत्र, अद्ययावत पासबुक आणि १,९०० बात शुल्क एवढी तयारी लागते. पासपोर्टची मुदत अपुरी असल्यास परवानगीही तेवढ्यापुरतीच मिळते. म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण आधी करून घ्यावे.

तेथील कागदांवर वर्ष बौद्ध शकाचे असते, ते पाहून दचकू नये. शालिवाहन शकात ७८ मिळविण्याची आपणांस सवय आहेच. येथे ५४३ वजा करावे. तेथील इमिग्रेशनचा कायदा २५२२ सालचा म्हणतात, तो इसवी सन १९७९ चा होय.

आता पैशाची गोष्ट. अर्जदाराच्या नावाने थायलंडमधील बँकेत ८ लाख बात असावेत, किंवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न असावे, किंवा ठेव आणि वार्षिक उत्पन्न मिळून ८ लाख व्हावेत, असे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग धरणाऱ्यांनी २०१९ साली कडक झालेले नियम ध्यानात ठेवावेत. रक्कम अर्जापूर्वी दोन महिने खात्यात असावी लागते, व परवानगी मिळाल्यावर आणखी तीन महिने तिला हात लावता येत नाही. पुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे वर्षातील पाच महिने पूर्ण रक्कम आणि उरलेले सात महिने निदान निम्मी रक्कम अडकून राहते. ८ लाख बात म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक झाले. निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते, तेव्हा अडचण मर्यादेची नसून वेळेची आहे. अर्जाच्या आठवड्यात पैसे पाठवून भागत नाही. शिवाय दुखण्याखुपण्यासाठी या ठेवीवर भिस्त ठेवू नये. औषधपाण्याचा पैसा निराळाच असावा.

सलग ९० दिवस देशात राहिल्यावर पत्ता कळवावा लागतो. ही वर्दी १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येते. चुकल्यास दंड भरावा लागतो. पत्ता कळविला म्हणजे मुदत वाढली असे समजून काही जण निर्धास्त राहतात, ते चुकीचे आहे. मुदतीबाहेर राहिल्यास दिवसाला ५०० बात, असा २०,००० बातपर्यंत दंड होतो. आणि असे ९० दिवसांहून अधिक राहिलेल्यास स्वतःहून निघाला तरी पुन्हा येण्यास बंदी होते.

सर्वांत मोठा घात होतो तो तिसऱ्या कागदापायी. रात्री भावाच्या किंवा बहिणीच्या प्रकृतीची तार यावी, तसा आता फोन येतो. माणूस हाती लागेल ते तिकीट काढून निघतो. पुनःप्रवेशाचा परवाना न घेता देशाची सीमा ओलांडली, की त्याच क्षणी वर्षभराची परवानगी संपते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. हा परवाना एका खेपेसाठी १,००० बात आणि अनेक खेपांसाठी ३,८०० बात शुल्क भरून मिळतो. आमचा आग्रहाचा सल्ला असा की, मुदत वाढवून मिळाली त्याच दिवशी अनेक खेपांचा परवाना घेऊन ठेवावा. दुःखाच्या वेळी कागद आठवत नाहीत. हा परवानाही मूळ मुदतीपुरताच चालतो. येथे तेरावे होईपर्यंत राहावयाचे तर ती तारीख पाहूनच परतीचा दिवस ठरवावा.

आणखी एक गोष्ट बोलावयास अवघड आहे, पण बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत परवानगी यजमानांच्या नावाने असते आणि पत्नी त्यांच्यावर अवलंबून म्हणून राहते. यजमान गेले, की त्यांच्या परवानगीबरोबर तिचाही आधार जातो. त्यांचे खातेही न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत बंद राहते. म्हणजे ज्या आठवड्यात तिला उभे राहण्याचे बळ नसते, त्याच आठवड्यात तिच्यापाशी ना पैसा, ना राहण्याचा हक्क. ज्या बाईने चाळीस वर्षे घर सांभाळले, तिची ही स्थिती होऊ देणे शहाणपणाचे नव्हे. पत्नीचे वय ५० च्या पुढे असेल आणि ऐपत असेल, तर तिच्या नावाने स्वतंत्र ठेव आणि स्वतंत्र परवानगी घ्यावी. तेवढे शक्य नसल्यास निदान तिच्या नावाचे खाते व त्यात काही महिन्यांचा खर्च असावा, आणि तेथील मालमत्तेपुरते मृत्युपत्र करून ठेवावे.

आपल्यातील निवृत्तिवेतनधारक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. तो चुकला तर वेतन थांबते, म्हणून घरातील नातवंडेसुद्धा आठवण करून देतात. परदेशातील मुक्कामाचे नूतनीकरणही त्याच जातीचे काम आहे; फक्त तेथे आठवण करून देणारे कोणी नसते. म्हणून एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: मुदतीची तारीख, पैसे भरून ठेवण्याची तारीख, ९० दिवसांच्या वर्दीची तारीख, पुनःप्रवेशाच्या परवान्याची तारीख आणि पासपोर्टची तारीख. एक प्रत स्वतःजवळ, एक पत्नीजवळ आणि एक बडोद्याच्या घरी ठेवावी. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा दरवर्षी अर्जापूर्वी कचेरीत विचारून घ्यावे. एवढी दक्षता घेतली, तर उतारवयातील मुक्काम कोठेही असो, तो निर्वेध होईल.