पगार कुणाच्या तिजोरीतून?
(लेखमाला : थांबलेली चाकं – भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण बेस्टचा संप पाहिला. २०१९ च्या जानेवारीत मुंबईतल्या बस नऊ दिवस बंद होत्या. त्या संपात पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची एक मागणी होती, ती म्हणजे बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. पावणेतीन वर्षांनी अशीच मागणी, म्हणजे एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही राज्यभरातल्या एसटी आगारांत उभी राहिली आणि जवळजवळ साडेपाच महिने हलली नाही. आजचा भाग त्या संपावर.

या संपाबद्दल लोक अजूनही एक प्रश्न विचारतात. सरकारने चांगली घसघशीत वाढ दिली, तरी कर्मचारी कामावर का आले नाहीत? हट्ट, राजकारण, बाहेरच्या पुढाऱ्यांची फूस अशी उत्तरं तयार असतात. राजकारण होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर नव्वद हजारांहून अधिक माणसं महिनोन्‌महिने बिनपगारी बसत नाहीत. त्यांच्या मागणीमागे एक हिशेब होता, आणि माझ्या मते तो बरोबर होता.

आधी पगाराचे आकडे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये वाढ जाहीर करताना सरकारनेच जे आकडे दिले, त्यानुसार नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतल्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १२,०८० रुपये होतं. भत्ते धरून १७,३९५. हा कपातीआधीचा आकडा. त्यातून भविष्य निर्वाह निधी जातो, एसटी बँकेच्या कर्जाचा हप्ता जातो, आणि मग उरलेलं घरी येतं. त्याच राज्यात, त्याच सुमारास, सातव्या वेतन आयोगानुसार सरकारी वाहनचालकाची वेतनश्रेणी १९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. तो साहेबांची गाडी चालवतो, एसटीचा चालक घाटातून पन्नास माणसं नेतो. हा फरक डेपोतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता.

हा फरक पडतो कुठून? एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० खाली तिचं महामंडळ झालं. महामंडळ म्हणजे सरकारच्या मालकीची, पण कायद्याने स्वतंत्र संस्था. तिने आपलं उत्पन्न मिळवावं आणि त्यातून खर्च भागवावा. डिझेल, टायर, सुटे भाग, टोल, प्रवासी कर आणि पगार हे सगळं तिकिटाच्या पैशातून. कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात तिकिटाचा दर महामंडळाच्या हातात नाही. भाडेवाढीसाठी हकीम समितीचं सूत्र आहे, त्यात डिझेल, टायर आणि महागाई भत्ता यांची वाढ मोजली जाते. पण सूत्राने आलेली वाढ लागू करायची तर राज्य परिवहन प्राधिकरणाची आणि त्यामागे सरकारची संमती लागते. आणि कोणत्याही पक्षाचं सरकार ती संमती सहजासहजी देत नाही. २०१८ च्या जूनमध्ये १८ टक्के भाडेवाढ झाली, त्यानंतरची थेट २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीला १७.१७ टक्के, आणि तिच्यानंतरची २०२५ च्या जानेवारीत १४.९५ टक्के. मधल्या वर्षांत डिझेल थांबलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सवलतींची. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, स्वातंत्र्यसैनिक, अधिस्वीकृतीधारक पत्रकार अशा पंचवीसहून अधिक गटांना एसटीत कमी भाड्यात किंवा फुकट प्रवास आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत, २०२३ च्या मार्चपासून महिलांना निम्मं तिकीट. या सवलती मला हव्याशा वाटतात. महिलांच्या निम्म्या तिकिटाने गाड्या पुन्हा भरल्या, हे कुठल्याही बसस्थानकावर उभं राहिलं की दिसतं. पण सवलत जाहीर करतं सरकार, आणि तिची भरपाई महामंडळाला नंतर देतं. ती उशिरा आली किंवा अपुरी आली की रोख पैशाची तंगी सुरू होते. डिझेल उधारीवर फार दिवस मिळत नाही, टोलनाक्यावर तर मिळतच नाही. थांबवता येतो तो पगार.

तिसरी गोष्ट भारमानाची. गाडीत किती आसनं भरली यावर एसटीत सगळं मोजलं जातं. वाहकाने उत्पन्न कमी आणलं तर त्याला विचारणा होते. पण रात्री नऊला डोंगरातल्या गावी मुक्कामाला जाणारी आणि पहाटे पाचला शाळा-कॉलेजची आठ-दहा पोरं घेऊन निघणारी गाडी भारमानात कधीच बसणार नाही. ती बंद करू नये असं गाव म्हणतं, आमदार म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. दुसरीकडे पुणे-नाशिक, मुंबई-कोल्हापूर अशा भरघोस उत्पन्नाच्या मार्गांवर खासगी ट्रॅव्हल्स धावतात आणि कंत्राटी परवान्यावर राजरोस टप्पे वाहतूक करतात, म्हणजे वाटेत प्रवासी चढवत-उतरवत जातात. नफ्याचे मार्ग वाटून खायचे आणि तोट्याचे एकट्या एसटीने सांभाळायचे, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणजे भाडं, सवलत, मार्ग, खासगी गाड्यांवरचा अंकुश हे सगळं सरकारकडे. आणि या निर्णयांतून येणारा तोटा मात्र चालक-वाहकांच्या पगारपत्रकात. हे ध्यानात घेतलं की विलीनीकरणाची मागणी वेगळी दिसू लागते. कर्मचारी म्हणत होते की पगार देणारा बदला. निर्णय ज्याचे, तिजोरीही त्याचीच असू द्या.

पूर्वी ते असं म्हणत नव्हते. २०१७ च्या दिवाळीत चार दिवसांचा संप झाला तेव्हा मुख्य मागणी सातव्या वेतन आयोगाची होती. उच्च न्यायालयाने तो संप बेकायदा ठरवला. २०१८ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर केली, पण तिच्या वाटपावरून नाराजी झाली आणि त्या जूनमध्ये पुन्हा दोन दिवस गाड्या थांबल्या. तोवर भांडण आकड्याचं होतं. ते तिजोरीचं झालं करोनाच्या काळात.

२०२० च्या मार्चअखेर एसटी थांबली आणि तिकिटाचा पैसा आटला. काम मात्र थांबलं नव्हतं. टाळेबंदीत याच गाड्यांनी स्थलांतरित मजुरांना राज्याच्या सीमांपर्यंत सोडलं, राजस्थानातल्या कोट्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणायला धुळ्याहून गाड्या गेल्या, जिल्ह्याजिल्ह्यांतले चालक-वाहक मुंबईत बेस्टच्या मदतीला आले आणि त्यांतले अनेक जण आजारी पडले. त्याच महिन्यांत त्यांचे पगार दोन-दोन, तीन-तीन महिने रखडले. सरकारी कर्मचाऱ्यांना पगार मिळत होता, कारण तो तिजोरीतून येत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर सरकारने एक हजार कोटींची मदत मंजूर केली. संकटाच्या वेळी आपण सरकारचे आणि पगाराच्या वेळी महामंडळाचे, हे त्या वर्षाने प्रत्येक डेपोत पक्कं केलं.

२७ ऑक्टोबर २०२१ ला कामगार संघटनांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी तडजोड झाली. महागाई भत्ता १२ वरून २८ टक्के आणि घरभाडे भत्त्यात वाढ. नेहमीच्या रीतीने इथे विषय संपायला हवा होता. पण नेत्यांनी उपोषण सोडलं आणि आगारं उघडली नाहीत. उलट बंद आगारांची संख्या वाढत गेली आणि भाऊबीज उलटता उलटता सगळी २५० आगारं बंद झाली.

हा या संपाचा सगळ्यात वेगळा भाग आहे. १९७१ च्या राज्याच्या कायद्यानुसार एका आस्थापनेत एका संघटनेला मान्यता मिळते आणि वाटाघाटीचा अधिकार तिच्याकडे असतो. व्यवस्थापनाला कुणाशी बोलायचं ते कळावं, यासाठी ही तरतूद. २०२१ मध्ये ती उलटली. ज्यांना सही करायचा अधिकार होता त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं, आणि ज्यांचं मुंबईच्या आझाद मैदानावरच्या आंदोलनात ऐकलं जात होतं त्यांना सही करायचा अधिकार नव्हता. सुरुवातीला तत्कालीन आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी पुढाकार घेतला, ते बाजूला झाल्यावर वकील गुणरत्न सदावर्ते हेच आंदोलनाचा चेहरा बनले. वर्षानुवर्षं वर्गणी घेऊन संघटनांनी डेपोतल्या माणसाचा विश्वास का गमावला, याचा हिशेब त्या संघटनांनी आजही जाहीरपणे मांडलेला नाही. तो मांडायला हवा.

कायदा कर्मचाऱ्यांच्या बाजूने नव्हता. सार्वजनिक वाहतुकीत संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागत होती. दहा किंवा अधिक जणांनी ठरवून, नोटिशीविना काम बंद केलं तर तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्यानुसार आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येत होता. औद्योगिक न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने मनाई केली. निलंबनं झाली, मग बडतर्फी झाली, मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा लावण्याची भाषा झाली. त्या काळात आणखी सहकाऱ्यांनी जीव दिला होता. तेव्हा कर्मचारी म्हणू लागले की आम्ही संपावर नाही, दुखवट्यात आहोत. वकिली युक्तिवाद म्हणून तो न्यायालयात टिकणारा नव्हता. पण ज्या घरांत माणूस गेला होता त्यांच्यासाठी ती युक्ती नव्हती.

२४ नोव्हेंबरला तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,०००, वीस वर्षांवरच्यांना २,५००. शिवाय दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार. नव्या कर्मचाऱ्याचे १७,३९५ रुपये २४,५९४ झाले, म्हणजे ४१ टक्के वाढ. तळच्या माणसाला सर्वाधिक देणं हे तत्त्व योग्यच. पण वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला नवख्याच्या निम्मं मिळालं. ज्येष्ठतेचं अंतर एका घोषणेत आखडलं आणि डेपोत एकाच कट्ट्यावर बसणाऱ्यांत दोन मतं झाली. काही परतले. बहुसंख्य परतले नाहीत, कारण ज्या तिजोरीतून हा वाढीव पगार यायचा होता ती तीच होती.

या सगळ्यात प्रवाशाचं काय झालं? शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. ज्या गावांना एसटीशिवाय दुसरं वाहन नाही तिथल्या मुलींचं शिक्षण या महिन्यांत पहिलं तुटलं. मुलगा मोटरसायकलवर मागे बसून जातो, वडापच्या जीपला लोंबकळतो. मुलीला घरी बसवलं जातं. दवाखान्याच्या फेऱ्या, बाजारचे दिवस, सगळं महाग झालं. सरकारने खासगी गाड्यांना प्रवासी वाहतुकीची परवानगी दिली, त्यांनी मनमानी भाडं घेतलं. कर्मचाऱ्यांची बाजू मला न्याय्य वाटते, पण साडेपाच महिन्यांची ही किंमत ज्यांनी भरली त्यांचा कसलाच दोष नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. त्या काळात तुटलेले प्रवासी परत यायला एसटीला पुढे बराच वेळ लागला.

उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. कायदा, प्रशासन आणि पैसा या तिन्ही दृष्टींनी विलीनीकरण शक्य नाही, असा तिचा निष्कर्ष. एका महामंडळाला दिलं की बाकीची महामंडळं रांगेत उभी राहतील, ही भीती खरी आहे. पण इतर राज्यांत वेगळं घडलं. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून पन्नास हजारांहून अधिक परिवहन कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. तेलंगणात २०१९ मध्ये याच मागणीसाठी ५२ दिवसांचा संप झाला, तो सरकारने मोडून काढला, आणि २०२३ मध्ये त्याच सरकारने विलीनीकरणाचं विधेयक मंजूर करून घेतलं. म्हणजे महाराष्ट्राचा नकार हा कायद्याने बांधलेला नव्हता, तो धोरणाचा निर्णय होता. तसा निर्णय घ्यायचा अधिकार सरकारला आहे. मात्र विलीनीकरण नको म्हटल्यावर सवलतीची भरपाई महिन्याच्या आरंभी, आगाऊ देण्याचं कायदेशीर बंधन स्वतःवर घालून घेणं हे त्याच निर्णयाचं दुसरं अंग होतं. ते घातलं गेलं नाही. त्याऐवजी चार वर्षं पगारासाठी अर्थसाहाय्य देऊ, असं आश्वासन मिळालं.

७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत रुजू होण्याची मुभा दिली आणि परतणाऱ्यांवर बडतर्फीची कारवाई करू नये असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीचे नेते शरद पवार यांच्या मुंबईतल्या घरावर आंदोलक चाल करून गेले, अटका झाल्या, आणि आंदोलनाबद्दलची उरलीसुरली सहानुभूतीही ओसरली. मुदतीपर्यंत बहुतेक जण कामावर आले.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या तोंडावर, पुन्हा दोन दिवस गाड्या थांबल्या. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी एप्रिल २०२० पासून सरसकट साडेसहा हजारांची वाढ मान्य केली. आधी ५,००० मिळालेल्यांना आणखी १,५००, चार हजारवाल्यांना २,५००, अडीच हजारवाल्यांना ४,०००. २०२१ च्या घोषणेने पाडलेली फट तीन वर्षांनी अशी बुजली, आणि त्यासाठीही चाकं थांबवावी लागली.

आकडा सुधारला, तिजोरी तीच राहिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या खात्यात मार्चचा ५६ टक्केच पगार जमा झाला, कारण सरकारकडून यायची रक्कम पूर्ण आली नव्हती. उरलेला पगार नंतर मिळाला. पण दहा तारखेचा शब्द न्यायालयापुढे दिलेला होता.

आता तर पगार देणारा आणखी लांब जातो आहे. महामंडळाने ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला आहे. या गाड्यांवर वाहक एसटीचा असतो आणि चालक कंपनीचा. एकाच गाडीत, एकाच पाळीत, दोघांचे मालक वेगळे आणि पगारही वेगळे. त्या चालकाने पगारासाठी दाद मागायची ती कुणाकडे, हा पुढच्या भागाचा विषय.