साठ किलो, पण कुठे?
 गाडीमागे कॅराव्हॅन ओढत लळिंग घाट उतरायचा, तर सायकली तिच्या शेपटीला टांगू नयेत. चार सायकली म्हणजे जेमतेम ६० किलो, त्यात काय एवढं? हे वजन आसामागे ३ मीटरवर आणि हूक आसापुढे ४ मीटरवर असेल, तर हुकावरचा भार ४५ किलोंनी घटतो आणि कॅराव्हॅन वेगात झुलू लागते. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे भरला की दांडा उचलतो, हे खान्देशातल्या ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागत नाही. मग गाडीच्या टपावर? तिथे वारा आडवा येतो. वेग ६०चा ९० केला की हवेचा रेटा सव्वादोन पट. त्यापेक्षा पुढची चाकं काढून सायकली कॅराव्हॅनच्या आतच, आसाच्या किंचित पुढे, पट्ट्यांनी आवळाव्यात. चेनचं ग्रीस गादीला लागेल म्हणाल, तर जुनी चादर टाका.