मिठातील काष्ठकण

फुलांतून उडणारा परागकण डोळ्यांना दिसतही नाही. पण तोच गाळाच्या खडकात कोट्यवधी वर्षे टिकतो, हे आपणांस ठाऊक आहे काय? परागाचे व बीजुकाचे कवच इतके चिवट असते की, हायड्रोफ्लुओरिक आम्लात खडक विरघळून गेला तरी ते शाबूत राहते. युगायुगांतील वनस्पती निराळ्या. म्हणून कवचावरील नक्षी सूक्ष्मदर्शकातून पाहून खडकाचे वय सांगता येते.

मात्र कण खडकाइतकाच जुना असावयास हवा! आता पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या मिठाचेच पाहा. त्यावरील थरांत ट्रायलोबाइटांचे, म्हणजे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे अवशेष आहेत. तेव्हा मीठ त्याहून जुने ठरते. परंतु प्रा. बिरबल साहनी यांनी ते पाण्यात विरघळविले, तो लाकडाचे सूक्ष्म कण नि कीटकांचे तुकडे निघाले. ट्रायलोबाइटांच्या काळी वृक्ष कोठले? मीठ इओसीन युगाचे, सुमारे ५ कोटी वर्षांचे असून जुने थर मागाहून त्यावर सरकले, असा साहनींचा पक्ष होता. १९४४-४५ च्या परिसंवादांत यावर कडाक्याचा वाद झाला.

आज मीठ जुनेच मानतात. ते कण मागाहून शिरले असावेत. प्रयोगशाळेच्या हवेतही पराग तरंगतात. म्हणून नमुन्याचा पृष्ठभाग आधी खरवडून टाकतात, भांडी पुनःपुन्हा धुतात, आणि मगच आम्लाच्या बाटलीला हात लावतात.