भाकर (भाकरी)

भाकर (भाकरी) : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ इ. धान्यांच्या पिठाचा, हाताने थापून तव्यावर भाजलेला वाटोळा खाद्यपदार्थ. लक्षणेने जेवण, उपजीविका.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखे चिवट ग्लुटेन तयार होत नाही. म्हणून ते गरम पाण्यात मळतात. उष्णतेने त्यातील काही स्टार्च फुगून चिकटपणा येतो. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवतात आणि वेळीच ती उलटतात. न उलटल्यास ती करपते. यावरूनच ‘भाकरी फिरवणे’ म्हणजे वेळीच बदल करणे, असा अर्थ रूढ झाला. शरद पवार यांनी २०२३ मध्ये पक्षसंघटनेतील बदलांसंबंधी हा वाक्प्रचार योजला होता.

‘मीठभाकर’ हा यजमानाच्या नम्रतेचा शब्द आहे. ‘लष्कराच्या भाकरी भाजणे’ म्हणजे लाभाविना परक्याची उठाठेव करणे. लग्नानंतर वधूवर दाराशी आले असता दृष्ट लागू नये म्हणून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली. ती पुढे बंद पडली.

अन्नवाचक शब्दांचा असा अर्थविस्तार अन्यत्रही आढळतो. इंग्रजीत ‘ब्रेड’ हा शब्द उपजीविका व बोलीत पैसा या अर्थांनी येतो; ‘लॉर्ड’ या शब्दाचे मूळ ‘पावाचा रक्षक’ अशा अर्थाच्या जुन्या सामासिक शब्दात आहे. ईजिप्तच्या अरबी बोलीत रोटीला ‘ऐश’ म्हणजे ‘जीवन’ म्हणतात. मराठीत आलेला ‘ब्रेड’ मात्र पदार्थापुरताच राहिला; उपजीविकेचा अर्थ भाकरीकडेच आहे.

वाशिम जिल्ह्यातील धनज (ता. कारंजा) हे गाव ज्या वऱ्हाडात मोडते, तेथे ‘भाकर’ हे रूप रूढ असून ती मुख्यतः ज्वारीची असे. सोयाबीनचा प्रसार झाल्यावर या भागात ज्वारीचा पेरा घटला आणि त्याबरोबर जनावरांचा कडबाही. स्वस्त धान्य दुकानांतील गव्हामुळे ताटात पोळी नित्याची झाली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारीच्या पोषणमूल्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. पदार्थ मागे सरला, तरी शब्द मागे सरलेला नाही : पोळी खाणारा मजूरही कामाचा हेतू सांगताना ‘दोन वेळची भाकर’ असेच म्हणतो.